पेटी आणि दप्तर

कोणतेंही नवें काम उभें राहिलें कीं त्याचें कौतुक होतें. तें काम पुढें वर्षानुवर्षें सांभाळणाऱ्याचें कौतुक सहसा होत नाहीं. विहिरीस पाणी लागलें त्या दिवशीं नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण दर उन्हाळ्यांत तिच्यांतला गाळ उपसणाऱ्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. हा मनुष्यस्वभाव आहे. तथापि शाळा ही अशी जागा आहे कीं, जेथें या स्वभावास लहानपणींच थोडी मुरड घालतां येते. म्हणून संगणकाच्या क्षेत्रांतील, पण हल्लीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हातीं आलेल्या एका कामाविषयीं आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों. तें काम म्हणजे, कामांची आंखणी व नोंद ठेवणारें एखादें वेब ॲप्लिकेशन, त्याच्या डेटाबेससह, कंटेनरच्या साहाय्यानें उभारणें. विषय ऐकण्यास रूक्ष आहे खरा. परंतु त्यांत एक असा धडा दडलेला आहे कीं, जो संगणकास कधीं हात न लावणाऱ्या पालकांनाही पटेल.

प्रथम हें ॲप्लिकेशन म्हणजे काय तें पाहूं. समजा, शाळेंत विज्ञान-प्रदर्शन भरावयाचें आहे. मंडप, विजेची सोय, प्रयोगांची यादी, पाहुण्यांस पत्रें, खर्चाचा हिशेब, अशीं पन्नास कामें असतात. कोणतें काम कोणाकडे, तें कोणत्या तारखेस पुरें व्हावयाचें, कोणतें काम कशावांचून अडलें आहे, हें सर्व जर एकाच्याच डोक्यांत राहिलें, तर तो एक आजारी पडतांच प्रदर्शनही आजारी पडतें. ही नोंद सर्वांस पाहतां यावी व ज्याची त्यानें भरावी, यासाठीं जीं साधनें निघालीं आहेत त्यांपैकीं 'रेडमाइन' हें एक आहे. झाँ-फिलिप लांग यांनीं तें २००६ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. तें विनामूल्य मिळतें, आणि तें ज्या रूबी भाषेंत लिहिलें आहे ती जाणणाऱ्या कोणासही त्याचा मूळ मजकूर उघडून वाचतां येतो. कामांची यादी, दिनदर्शिका, कोणतें काम केव्हांपासून केव्हांपर्यंत चालेल हें दाखविणारा गँट तक्ता, अशा सोयी त्यांत आहेत.

परंतु रेडमाइन आपल्या नोंदी स्वतःजवळ ठेवीत नाहीं. आपण भरलेली प्रत्येक नोंद तें डेटाबेसच्या स्वाधीन करितें. असा एक नांवाजलेला डेटाबेस म्हणजे 'पोस्टग्रेस्क्यूएल'. १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखालीं 'पोस्टग्रेस' नांवाच्या ज्या प्रकल्पास आरंभ झाला त्यांतून हा डेटाबेस वाढला, व १९९६ सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. थोडक्यांत सांगावयाचें तर, रेडमाइन हा कारकून आणि डेटाबेस हें दप्तर. कारकून बदलला तरी कचेरी चालते; दप्तर जळालें तर कचेरी बसते. पुढील सर्व विवेचन वाचतांना वाचकांनीं ही एक गोष्ट मनांत धरून ठेवावी.

पूर्वीं असें ॲप्लिकेशन उभारणें हें दिवस-दोन दिवसांचें काम असे. भाषा अमुक आवृत्तीची हवी, तिच्या जोडीच्या लायब्ररी तमुक आवृत्तीच्या हव्या. एका यंत्रावर चालणारें दुसऱ्यावर चालत नसे, आणि 'आमच्याकडे तर चालतें' हें उत्तर ऐकून दुसऱ्याचा जीव मेटाकुटीस येई. यावर कंटेनर हा उपाय निघाला. मार्च २०१३ मध्यें कॅलिफोर्नियांतील सँटा क्लारा येथें पायथॉन भाषेच्या परिषदेंत सॉलोमन हाइक्स यांनीं अवघ्या पांच मिनिटांच्या भाषणांत 'डॉकर' हें साधन लोकांपुढें ठेविलें. त्यांतील कल्पना अगदींच नव्या नव्हत्या. प्रोग्रॅमला फाइलींचा ठराविक भागच दिसावा, अशी सोय युनिक्समध्यें १९७९ पासून होती. आणि प्रोग्रॅमांच्या एखाद्या गटानें किती मेमरी वापरावी यास बांध घालणारी सोय लिनक्सच्या गाभ्यांत २००८ सालीं आली. डॉकरनें अशा सोयींची नीट मोट बांधून ती सामान्य माणसाच्या हातीं दिली. ॲप्लिकेशन, त्याची भाषा व त्याच्या लायब्ररी हें सर्व एका 'इमेज'मध्यें बांधलेलें असतें. इमेज हा सांचा. त्या सांच्यावरून काढलेली चालती वस्तु म्हणजे कंटेनर. आतां रेडमाइनची एक व पोस्टग्रेस्क्यूएलची एक अशा दोन इमेज उतरवून घेतल्या कीं, इंटरनेट बरें असल्यास अर्ध्या तासाच्या आंत पडद्यावर पान उघडतें. मुलगा टाळी वाजवितो, आईबाप धन्य होतात.

कंटेनर हें नांव मालवाहतुकीवरून आलें आहे. न्हावाशेवा बंदराकडे ट्रकांवरून जाणाऱ्या लांबट लोखंडी पेट्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराची 'आयडियल एक्स' ही बोट अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाली, आणि पुढें जगाच्या मालवाहतुकीची रीतच पालटली. पेटींत कापूस आहे कीं कपबशा आहेत, हें बोटीस किंवा क्रेनला विचारावें लागत नाहीं. पेटीचें माप ठरलेलें असलें म्हणजे झालें. संगणकाच्या कंटेनरचेंही तसेंच आहे. आंत रूबी आहे कीं पायथॉन, याची चौकशी यंत्रास करावी लागत नाहीं.

पण उपमा येथेंच संपते, आणि आमचा मुद्दा येथेंच सुरू होतो. बोटीवरील पेटीची सारी किंमत आंतील मालांत असते; माल सुखरूप पोंचावा एवढ्यासाठींच ती पेटी. संगणकाच्या कंटेनरचें अगदीं उलट आहे. त्यांत मोलाचा माल ठेवावयाचाच नसतो! हा कंटेनर मोडण्यासाठीं व पुन्हां काढण्यासाठीं असतो. तो चालूं असतांना आंत जें कांहीं लिहिलें जातें तें सांच्यावरच्या एका पातळ थरांत राहतें, आणि कंटेनर काढून टाकला कीं तो थरही जातो. रेडमाइनला जर डेटाबेसचा पत्ता दिलाच नाहीं, तर तें अडून बसत नाहीं. 'एसक्यूलाइट' नांवाचें एक लहान दप्तर त्याच कंटेनरच्या आंत उघडतें व काम सुरू करितें. लॉगमध्यें एक इशारा उमटतो, पण तो वाचतो कोण? पान उघडतें, नोंदी भरल्या जातात, महिनाभर सर्व सुरळीत दिसतें. आणि एके दिवशीं नवी आवृत्ति घेण्यासाठीं जुना कंटेनर काढला कीं महिन्याच्या नोंदी त्याबरोबर केरांत जातात. चूक घडली महिन्यापूर्वीं. ती दिसली आज. असल्या चुका फार वाईट, कारण त्या करितांना टोंचत नाहींत.

म्हणून दप्तर वेगळ्या कंटेनरमधील डेटाबेसकडे ठेवावें, आणि दोन्ही कंटेनर एकमेकांस जोडावे. या जोडणीची जुनी 'लिंक' नांवाची रीत आतां मागें पडली आहे. हल्लीं दोन्ही कंटेनर एका खाजगी नेटवर्कवर ठेवतात, व एकानें दुसऱ्यास नांवानें हांक मारावयाची असते. 'कंपोज' या साधनासाठीं एक लहानशी फाइल लिहिली कीं हें सर्व तींत मांडतां येतें: सेवा कोणत्या, त्या कोणत्या इमेजवरून काढावयाच्या, त्यांचीं नांवें काय, दप्तर कोठें ठेवावयाचें. या फाइलींत ओळीच्या आरंभीं किती जागा सोडली यालाही अर्थ असतो. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

जोडणींत नवशिका दोन ठिकाणीं हटकून अडखळतो. एक तर तो रेडमाइनला सांगतो कीं, तुझा डेटाबेस 'लोकलहोस्ट'वर, म्हणजे याच यंत्रावर आहे. त्याच्या दृष्टीनें हें खरेंच असतें. पण प्रत्येक कंटेनर 'लोकलहोस्ट'चा अर्थ 'मी स्वतः' असा करितो. रेडमाइन आपल्याच घरांत दप्तर शोधीत बसतें, व तें तेथें नसतें. त्या जागीं डेटाबेसच्या सेवेचें फाइलींतील नांव द्यावयास हवें. दुसरी अडखळ अशी: डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस कामास सिद्ध झाला, असें नव्हे. दुकानाच्या फळ्या काढल्या म्हणजे दुकानदार गादीवर येऊन बसला, असें होत नाहीं. 'आधीं हा, मग तो' एवढेंच लिहिलें तर केवळ क्रम पाळला जातो. डेटाबेस उत्तर देऊं लागेपर्यंत थांबावयाचें असेल, तर 'हेल्थचेक' ही तपासणी लिहून, ती उतरल्यावरच रेडमाइन सुरू करावें, असें स्पष्ट सांगावें लागतें.

आतां दप्तराकडे वळूं. कंटेनरच्या बाहेर माहिती ठेवण्यासाठीं 'व्हॉल्यूम' ही सोय आहे. कंटेनर गेला तरी व्हॉल्यूम राहतो. रेडमाइनच्या बाबतींत असे व्हॉल्यूम दोन हवे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. नोंदी डेटाबेसमध्यें जातात. पण नोंदीस जोडलेलीं चित्रें, पत्रें, हिशेबाचे कागद हे निराळ्या फाइलींत राहतात. एकच सांभाळलें तर 'मंडपाचा नकाशा जोडला आहे' हें वाक्य शिल्लक राहतें, आणि नकाशा मिळत नाहीं.

शिवाय व्हॉल्यूम हा कांहीं अमर नव्हे. कंपोजला सर्व उतरवून ठेवण्यास सांगणारा 'डाउन' हा हुकूम आहे. त्यानें कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतात. पण त्याच हुकमापुढें एक आडवी रेघ व इंग्रजी 'व्ही' हें अक्षर जोडलें, कीं त्या फाइलींत नोंदलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. 'खरोखर पुसूं काय?' असें कोणी विचारीत नाहीं. वर्षाचें दप्तर आणि रिकामी पाटी यांच्यामध्यें एका अक्षराचें अंतर आहे. शिवाय व्हॉल्यूम त्याच यंत्राच्या डिस्कवर असतो. डिस्क बिघडली तर तोही गेला. यासाठीं दप्तराची प्रत, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या ठिकाणीं असलाच पाहिजे.

'बॅकअप घेतों आहों' असें म्हणणारे मात्र पुष्कळ असतात. गिटलॅब या कंपनीची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. ती कंटेनरची नव्हे, परंतु पोस्टग्रेस्क्यूएलच्या दप्तराचीच आहे, आणि ती कंपनीनें स्वतः जगास सांगितली आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं तेथील एक इंजिनीयर डेटाबेसची दुरुस्ती करीत होता. दुय्यम सर्व्हरवरील माहितीचा फोल्डर पुसावयाचा होता. तो पुसला गेला मुख्य सर्व्हरवरचा. चूक ध्यानांत येऊन हुकूम थांबविला, तोंवर सुमारें ३०० जीबींपैकीं जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअपांचा शोध सुरू झाला. रोजचा बॅकअप पाहावा तर तो रिकामा! बॅकअप घेणारें साधन ९.२ आवृत्तीचें व डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळें तें प्रत्येक वेळीं नापास होत होतें. आणि नापास झाल्याचीं ईमेल पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. त्याच इंजिनीयरनें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें एक प्रत काढून ठेविली होती, तिनें कंपनीस तारलें. तरीही मधल्या सहा तासांतील सुमारें ५००० प्रकल्पांतील बदल, तितकेच अभिप्राय व ७०० नवीं खातीं गेलीं तीं गेलींच. येथें निष्काळजी असा कोणी नव्हता. बॅकअपची व्यवस्था होती, एक सोडून अनेक होत्या. नव्हतें तें एवढेंच, कीं त्या बॅकअपांवरून दप्तर पुन्हां उभें करून कोणी पाहिलें नव्हतें.

यावरून आमचें मत आम्ही स्पष्टपणें मांडतों. जो विद्यार्थी असें ॲप्लिकेशन उभारून दाखवितो, त्यास आम्ही निम्मे गुण देऊं. उरलेले निम्मे, तें पाडून पुन्हां उभें करून दाखवील त्यास. परीक्षा अशी घ्यावी: परीक्षकानें एक नोंद व तिला जोडलेलें एक चित्र आधीं पाहून ठेवावें. मग त्या यंत्रास कोणीं हात लावूं नये. दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर, केवळ कंपोजची फाइल, डेटाबेसची प्रत व जोडलेल्या फाइलींची प्रत एवढ्या शिदोरीवर सर्व उभें करावें. तीच नोंद व तेंच चित्र पुन्हां दिसलें, तर विद्यार्थी उत्तीर्ण. पान उघडलें पण चित्र नाहीं, तर पुढच्या महिन्यांत पुन्हां परीक्षा.

या परीक्षेची तयारी करितांना बाकीच्या चांगल्या संवयी आपोआप लागतात. डेटाबेस चालूं असतांना त्याचा फोल्डर तसाच उचलून नकलणें म्हणजे कारकून ओळ लिहीत असतांना वही ओढून घेणें होय; त्यासाठीं 'पीजी डंप' हें साधन आहे, तें काम न थांबवितां एका क्षणाचें सुसंगत दप्तर उतरवून देतें. इमेजचें नांव लिहितांना 'लेटेस्ट' असें मोघम न लिहितां आवृत्तीचा आंकडा लिहावा. कारण पोस्टग्रेस्क्यूएलची नवी मोठी आवृत्ति जुन्या मोठ्या आवृत्तीचा फोल्डर तसाच वाचूं शकत नाहीं. रेडमाइनचें पहिलें नांव व पासवर्ड साऱ्या जगास ठाऊक असतात, ते पहिल्याच मिनिटास बदलावे. डेटाबेसचें दार यंत्राबाहेर उघडूं नये. त्याच्याशीं बोलण्याचें काम फक्त रेडमाइनला आहे, आणि तें खाजगी नेटवर्कवरून होतें. २०१७ च्या जानेवारींतच इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारों मोंगोडीबी डेटाबेस चोरांनीं पुसून, त्यांच्या जागीं खंडणीच्या चिठ्ठ्या ठेविल्या होत्या. कुलूप फोडावें लागलें नाहीं, कुलूपच नव्हतें.

आणखी एक गोष्ट शाळांच्या बाबतींत विशेष आहे. आमचा विद्यार्थी दहावी झाला कीं जातो. ज्यानें सर्व उभारलें तो गेला, पासवर्ड त्याच्या डोक्यांत गेले, आणि मागें राहिलें तें कोणीं हात लावावयाचा नाहीं असें एक यंत्र. ही स्थिति कांहीं एका शाळेची नव्हे. म्हणून प्रत्येक पायरी मराठींत, धाकट्या वर्गांतील मुलास कळेल अशी, एका वहींत लिहून ठेवावी. पासवर्ड मात्र वहींत नव्हे. ते शाळेनें बंदोबस्तानें ठेवावे. आपण नसतांना आपलें काम दुसऱ्यास चालवितां येणें यांत कमीपणा नाहीं. तीच कामाची पूर्तता आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हल्लीं कंपन्या असलीं ॲप्लिकेशनें तयार चालवून देतात, मग मुलांनीं हा खटाटोप कां करावा? आक्षेपांत तथ्य आहे. केवळ काम भागवावयाचें असेल तर तयार सेवा घ्यावी. त्यांत लाज नाहीं. परंतु स्वयंपाक शिकणाऱ्यास खानावळीचा डबा देऊन चालत नाहीं. शिवाय सेवा दुसऱ्याची घेतली तरी 'आमच्या नोंदींची प्रत आमच्या हातीं आहे काय?' हा प्रश्न सुटत नाहीं. आणि ज्यानें एकदां स्वतः दप्तर सांभाळलें आहे, त्यालाच तो प्रश्न विचारण्याचें सुचतें.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. ते म्हणतात, पूर्वीं सर्व हातानें बसवितांना विद्या येत असे. आतां तयार पेटी उघडून मुलें आयतोबा होतील. आम्हांस ही भीति अनाठायीं वाटते. दळण गिरणींत गेलें म्हणून आयाबहिणी आळशी झाल्या नाहींत. वांचलेला वेळ त्यांनीं दुसऱ्या कामीं लावला. प्रश्न वांचलेल्या वेळाचा आहे. कंटेनरनें दोन दिवसांचें काम अर्ध्या तासावर आणलें. उरलेला वेळ जर नुसता फुशारकींत गेला तर जाणत्यांचें म्हणणें खरें ठरेल, आणि दप्तराच्या सांभाळांत गेला तर मुलें त्यांच्याहून शहाणीं निघतील.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी संगणकावर कांहीं उभारून दाखवील, तेव्हां कौतुक अवश्य करावें. पण कौतुक झाल्यावर हळूच विचारावें: 'हें उद्यां मोडलें, तर परत आणतां येईल काय? करून पाहिलें आहेस काय?' हा प्रश्न विचारण्यास कंटेनर म्हणजे काय, हें ठाऊक असण्याची गरज नाहीं. घरांतील जमिनीचे कागद, बँकेचीं पुस्तकें, मुलांचे दाखले जपून ठेवणाऱ्या प्रत्येक आईबापास त्याचा अर्थ पुरता ठाऊक आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत एखादा मुलगा असा असेल कीं, जो पडद्यावर चमक दाखवीत नाहीं. पण दर शनिवारीं न चुकतां प्रत काढतो, तिच्यावर तारीख घालतो, आणि महिन्यांतून एकदां ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतो. त्याला हंसूं नका. त्याच्या शेजारीं जाऊन बसा, आणि तो काय करितो तें शिकून घ्या.